आसाची उंची : तेर ते कुंथलगिरी

धाराशिव जिल्ह्यातील तेर हे तेरणा नदीच्या काठचे गाव. गावाभोवती पांढरीची जुनी टेकाडे आहेत. त्यांतून निघालेली खापरे, मणी, नाणी, मातीच्या मूर्ती गावातीलच रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात पाहावयास मिळतात. इटलीतील पाँपेई या ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या नगरात सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीशी जवळचे नाते सांगणारी एक मूर्ती याच तेरमध्ये मिळाली. गोरोबाकाकांचे हे गाव वारकऱ्यांना जसे प्रिय, तसेच येथील पुरातन महावीर मंदिरामुळे जैन यात्रेकरूंनाही ते आपले वाटते. व्यापारी कुळातील यात्रेकरूने मात्र येथे आणखी एका कारणासाठी घटकाभर थांबावे. दोन हजार वर्षांपूर्वी हे गाव एक मोठी बाजारपेठ होते.

त्या काळी त्याचे नाव तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोणा ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरप्रवासाच्या ग्रंथात तगरचा उल्लेख येतो. भडोच बंदरापासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणपासून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर, असे अंतर तो देतो. तगरहून साधे कापड आणि तलम मलमल भडोचकडे जात असे. हे तगर म्हणजेच आजचे तेर, हे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये साधार मांडले. या उल्लेखातील एक तपशील वाहतुकीचा व्यवसाय जाणणाऱ्याच्या नजरेतून सुटू नये. हा माल गाड्यांवर लादून, जेथे धड रस्ता नाही अशा लांबच लांब मुलखातून नेला जाई, असे तो ग्रंथकार नोंदवतो. तीस दिवसांची वाट, वर कापडाचे गठ्ठे आणि खाली रस्त्याचा पत्ता नाही. अशा प्रवासात गाडी किती वेगाने धावते याला फारसे महत्त्व नव्हते. तिचा तळ जमिनीपासून किती वर राहतो, यावर माल पोहोचणे न पोहोचणे अवलंबून होते.

याच जिल्ह्यात आज एखादे कुटुंब मोटारीमागे छोटा प्रवासी ट्रेलर जोडून यात्रेस निघाले, तर त्याच्यापुढेही हाच प्रश्न उभा राहतो. डांबरी महामार्ग संपतो आणि शेवटचे चार-सहा किलोमीटर उरतात, तेव्हा दोन हजार वर्षांचे अंतर अचानक कमी होते.

या मुलखाची जमीन समजली की प्रश्न नीट कळतो. बालाघाटच्या डोंगररांगा, त्यांवरील मुरमाड माळ आणि नद्यांच्या खोऱ्यांत पसरलेली काळी माती असा हा प्रदेश आहे. काळी माती पावसात फुगते व चिकट होते, उन्हाळ्यात आकसते व भेगाळते. पावसाळ्याअखेर ओल्या वाटेवरून गाड्या गेल्या की चाकांखालची माती दबते, मधली तशीच उंच राहते. पुढे ऊन लागून ती विटेसारखी टणक होते. चाकांनी पाडलेल्या या दोन चरांना मराठीत ‘चाकोरी’ म्हणतात. ठरलेल्या जीवनक्रमालाही आपण हाच शब्द लावतो, इतकी ती ओळखीची गोष्ट आहे. चाकोरीत चाक सुरक्षित असते. संकट असते ते मधल्या उंचवट्याचे. चाके चरात उतरतात आणि गाडीचा तळ त्या उंचवट्यावर टेकतो.

बैलगाडीने या संकटावर फार पूर्वीच उपाय शोधला होता. जुन्या लाकडी गाडीचे चाक माणसाच्या कमरेच्याही वर येई. चाक मोठे म्हणून आस उंच. आस उंच म्हणून साटी उंच. आणि साटीखालून चाकोरीचा उंचवटा, दगड, ओढ्यातील गोटे सुखाने निघून जात. मोठ्या चाकाचा दुसरा गुण त्याहून मोलाचा होता. खड्डा किंवा दगड आला की लहान चाक त्यात अडकते, मोठे चाक त्यावरून सहज चढते. त्यामुळे बैलांच्या खांद्यावर जुवाचा ओढा कमी येतो. मुक्या जनावराचा भार हलका करणारी ही युक्ती कोणा सुताराने व लोहाराने अनुभवातून साधली होती. चाकावर लोखंडी धाव तापवून चढवणारे आणि आसाला वंगण घालणारे ते हात आसाच्या उंचीचे शास्त्र न लिहिता जाणत होते.

भाराचा विचार शास्त्र म्हणून या भागात आला तो आगगाडीबरोबर. शेजारची बार्शी ही मोठी बाजारपेठ. पण मुख्य लोहमार्ग तिच्यापासून दूर राहिला होता आणि मधले अंतर मालाला बैलगाडीनेच तोडावे लागे. १८९७ मध्ये एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याची बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. रुळांमधील अंतर अवघे अडीच फूट. १९११ मध्ये ही छोटी गाडी लातूरपर्यंत पोहोचली आणि धाराशिव परिसराचा माल तिच्यावर चढू लागला. कॅलथ्रॉपने एक नियम कटाक्षाने पाळला होता. कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार येऊ द्यायचा नाही आणि इंजिन असो वा डबा, भार सर्व आसांवर सारखा वाटायचा. त्यामुळे हलके रूळही पुरेसे ठरले. गाडी किती मोठी यापेक्षा एका आसावर किती ओझे, हा हिशेब आधी करावा, हा धडा त्या अरुंद रुळांनी दिला. छोट्या ट्रेलरला तो आजही लागू पडतो, कारण त्याला बहुधा एकच आस असते.

समजा, सोलापूरच्या एका व्यापारी कुटुंबाने असा ट्रेलर घेतला आहे. त्यामागचे कारण हौसेपुरते मर्यादित नसते. घरात ऐंशीच्या घरातील आजी-आजोबा आहेत. त्यांचा चौविहार आहे; सूर्यास्तापूर्वी जेवण व्हावे, कंदमूळ नसावे, पाणी गाळून उकळलेले असावे, हा नेम आयुष्यभर पाळलेला. वाटेवरच्या हॉटेलांत हे सारे जुळणे कठीण. दोन शेगड्यांचे स्वयंपाकघर, पाण्याची टाकी आणि दोघांना आडवे होता येईल एवढी जागा मागे घेऊन निघाले, की वडीलधाऱ्यांची यात्रा त्यांच्या नेमासह होते. मार्गही ठरलेला : तुळजापूरमार्गे धाराशिव, शहराजवळची लेणी, तेर आणि शेवटी भूम तालुक्यातील कुंथलगिरी. सोलापूरहून निघणारा राष्ट्रीय महामार्ग ५२ प्रशस्त आहे. तेथे ट्रेलरला काही त्रास नाही.

अडचण फाट्यावर वळल्यानंतर सुरू होते. पहिला अडथळा गावोगावच्या गतिरोधकांचा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, म्हणजे अंगाने पसरट हवा. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी तो अरुंद आणि उभट बांधलेला असतो. मोटारीची चाके तो ओलांडून खाली उतरतात, ट्रेलरची चाके अजून अलीकडे असतात आणि मधला भाग त्या उंचवट्यावर येतो. दुसरा अडथळा ओढ्यावरील फरशी पुलाचा. उतारावरून खाली उतरून पलीकडच्या चढाला लागताना चाके चढू लागतात, पण ट्रेलरचे शेपूट अजून सखल भागावर असते. ते जमिनीला घासते. तिसरा अडथळा चाकोरीचा. ऊसतोडणीच्या हंगामात ट्रॅक्टरच्या दुहेरी ट्रॉल्या शेतातून साखर कारखान्यांकडे भरभरून जातात. त्यांची मोठी, जड चाके कच्च्या वाटेत असे खोल चर पाडतात, की त्यांत उतरलेल्या लहान चाकाच्या ट्रेलरचा आसच मधल्या उंचवट्यावर घासतो.

तळ घासणे म्हणजे केवळ रंग जाणे नव्हे. ट्रेलरच्या पोटाखालून बहुधा सांडपाण्याची नळी, दिव्यांच्या तारा आणि कधी स्वयंपाकाच्या गॅसची नळीही गेलेली असते. सांडपाण्याची नळी तुटली तर गैरसोय होते. गॅसची नळी चेपली तर जिवावर बेतते. तेवढे न झाले तरी ट्रेलर उंचवट्यावर अडकून बसला, दिवस कलू लागला आणि आजींच्या जेवणाची वेळ टळली, तर ज्या कारणासाठी हा सारा खटाटोप, तेच हातचे गेले. उपवास त्या आनंदाने करतील. पण तो त्यांच्या निश्चयाचा असावा, आपल्या निष्काळजीपणाचा नसावा.

म्हणून उपायाची सुरुवात मोजपट्टीने करावी. ट्रेलर रिकामा नव्हे, तर प्रवासाचे सर्व सामान, पाणी व सिलिंडर भरून सपाट जागी मोटारीस जोडलेला असावा. मग तीन मापे घ्यावीत. पहिले, आसाजवळील सर्वांत खालचा भाग जमिनीपासून किती वर आहे. दुसरे, मोटारीची मागची चाके आणि ट्रेलरची चाके यांच्या मधोमध तळ किती उंच आहे. तिसरे, ट्रेलरचे शेपूट किती उंच आहे आणि चाकापासून किती मागे गेले आहे. उदाहरणार्थ, शेपूट ३० सेंटिमीटर उंच आणि चाकाच्या मागे १५० सेंटिमीटर असेल, तर पाचास एक या प्रमाणाहून उभट चढाला ते टेकणारच. पुष्कळदा असे आढळते की सर्वांत खाली आलेली वस्तू आस नसतेच. ट्रेलर उभा करताना लावायचा टेकू, जादा चाक किंवा सांडपाण्याची नळी खाली लोंबत असते. अशी वस्तू वर सरकवून बांधली, तर काहीही न कापता, न जोडता काही सेंटिमीटर उंची हाती येते.

त्यानंतरचा उपाय कमानपाट्यांचा. अनेक छोट्या ट्रेलरांत पाटे आसाच्या खालून गेलेले असतात, त्यामुळे सांगाडा खाली बसतो. पाटे आसाच्या वर बसवले की आसाची जाडी आणि पाट्यांच्या थराची जाडी एवढा सांगाडा वर उचलला जातो. आस ५० मिलिमीटर जाड आणि पाट्यांचा थर २८ मिलिमीटर असेल, तर लाभ सुमारे ८ सेंटिमीटरांचा. वरच्या उदाहरणातील शेपूट मग ३८ सेंटिमीटरांवर जाते आणि चारास एक या चढापर्यंत वाचते. मात्र येथे एक चूक हमखास होते. काही आस मधोमध किंचित वर वाकवलेले असतात, म्हणजे भार आल्यावर चाके सरळ उभी राहावीत. असा आस उलटा फिरवून बसवला, तर चाके तिरपी होतात आणि टायर एका कडेने झिजतात. आस आहे तसाच ठेवून त्याच्या वरच्या अंगाला पाट्यांसाठी नवी बैठक जोडणे, हीच योग्य रीत. जोडकामही सराईत हाताचे हवे. सारा भार त्या दोन बैठकांवर तोलला जाणार असतो.

या उपायाची एक मर्यादा ओळखून असावे. सांगाडा वर गेला तरी आस होता तेथेच राहतो. आस उंच करायचा, तर चाकच मोठे हवे. बैलगाडीची युक्ती येथे पुन्हा भेटते. चाकाचा व्यास ५६ सेंटिमीटरांवरून ६६ केला, तर आस त्याच्या निम्म्याने, म्हणजे ५ सेंटिमीटरांनी वर जातो. चाकोरीतील उंचवटा ओलांडायला याच पाच सेंटिमीटरांचा खरा उपयोग होतो. मात्र मोठे चाक खड्ड्यात उसळून वरच्या पत्र्याला घासणार नाही, एवढी जागा आधी तपासावी.

उंची फुकट मिळत नाही, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगायला नको. जमेच्या बाजूला ८ सेंटिमीटर लिहिले, की नावेच्या बाजूलाही काही लिहावे लागते. ट्रेलरचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ८० सेंटिमीटरांवर असेल, तर तो ८८ वर जातो. चाकांमधील रुंदी तीच राहिल्याने वळणावर कलंडण्यास होणारा विरोध सुमारे ९ टक्क्यांनी घटतो. बालाघाटच्या घाटवळणांवर आणि माळावरच्या आडव्या वाऱ्यात हे जाणवते. ट्रेलर वर उचलला गेल्याने मोटारीच्या मागचा जोडगोळाही तेवढाच वर घ्यावा लागतो. तसे न केल्यास ट्रेलर पुढे झुकून चालतो आणि शेपूट वर, पण पुढचा भाग खाली अशी अवस्था होते. एकूण भाराच्या १० ते १५ टक्के भार जोडगोळ्यावर यावा, हा सर्वमान्य दंडक. तो उंची बदलल्यावर पुन्हा मोजून पाहावा. आणखी एक नोंद यंत्रशाळेत कोणी सांगत नाही. दाराची पायरीही ८ सेंटिमीटरांनी उंच होते. ज्यांच्या सुखासाठी हा ट्रेलर, त्या आजींना ती चढवेल का, हे आधी पाहावे. जमिनीपासून तळ ५३ सेंटिमीटरांवर गेला, तर तीन पायऱ्यांची भक्कम घडीची शिडी आणि धरायला दांडा हवाच.

कायद्याचे भानही ठेवावे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये मोटार वाहनाच्या व्याख्येत ट्रेलरचा समावेश आहे आणि कलम ५२ प्रमाणे नोंदणीतील तपशिलांशी विसंगत होईल असा फेरफार वाहनात करता येत नाही. म्हणून ट्रेलर बनवून घेतानाच आसाची व चाकाची उंची ठरवून घेणे उत्तम. नंतर बदल करायचा झाल्यास आधी परिवहन कार्यालयात विचारणा करावी. अपघातानंतर विम्याचा प्रश्न निघतो तेव्हा हीच कागदपत्रे उपयोगी पडतात.

सर्वांत स्वस्त उपाय मात्र यंत्रशाळेत मिळत नाही. कमानपाटे भाराने दबतात. भार उतरवला की ते आपोआप वर येतात. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो वजन. पुढच्या मुक्कामी पाणी मिळणार असेल, तर टाकी पूर्ण भरून नेण्याचे कारण नाही. जादा गाद्या, दोन जादा कुकर, ‘असू द्यावे’ म्हणून घेतलेला किराणा हे सारे उतरवले, तर एक पैसाही न खर्चता तळ वर येतो; शिवाय गुरुत्वमध्य फारसा उंचावत नाही आणि आजींची पायरीही जवळपास तेवढीच राहते. जे न्यायचेच, त्यातील जड सामान खाली व आसाजवळ ठेवावे, हलके वर. अपरिग्रहाचा उपदेश घराघरात ऐकलेला असतो. येथे तो मोजपट्टीवर दिसतो.

काही वेळी उंचीचा उपयोगच नसतो. ओल्या काळ्या मातीत चाक रुतू लागले, की आस कितीही वर असला तरी गाडी पुढे जात नाही. साधुसंत चातुर्मासात एका ठिकाणी थांबतात. यात्रेकरूच्या गाडीनेही पावसाळ्यात कच्ची वाट टाळावी, हे शहाणपणाचे.

कुंथलगिरीचा डोंगर लहानसा आहे. कुलभूषण व देशभूषण मुनींची ही निर्वाणभूमी. माथ्यावर मंदिरे आणि भोवती भूमचा मोकळा माळ. आजूबाजूच्या गावांतील खवा दूरवर प्रसिद्ध आहे. चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांनी येथेच सल्लेखना घेऊन १८ सप्टेंबर १९५५ रोजी देह ठेवला. आयुष्यभर ज्यांनी पायीच विहार केला, त्यांच्या या अखेरच्या मुक्कामी चाकांच्या उंचीचा हिशेब संपतो. ट्रेलर पायथ्याशी सपाट जागी उभा करावा, चाकांखाली दगड लावावेत, टेकू सोडावेत. ऊन उतरण्याआधी स्वयंपाक व्हावा, आजी-आजोबांनी वेळेवर जेवावे आणि मग सर्वांनी मिळून सावकाश पायऱ्या चढाव्यात. परतताना ट्रेलरखाली एकदा वाकून पाहावे. तळाला नवा ओरखडा नसला, तर निघताना घेतलेले माप बरोबर होते, असे समजावे.